किती कॅन?

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडून सरळ निघते आणि उजवीकडं पोचेपर्यंत खाली उतरते. आकडे मात्र बरे येतात, कारण इतकी वर्षं तेच लिहिले. कुणाला दाखवायला म्हणून लिहीत नाही. पण कुणाच्या हाती पडलंच, तर सांभाळून घ्यावं.

त्या सकाळी दुधाची गाडी आली नाही. कॅन भरून दारात ठेवले होते. उन्हाळा असा की नऊ वाजताच पत्र्याला हात लावता येत नव्हता. आम्ही कॅनवर ओलं पोतं टाकलं होतं, ते वाळून कडक झालं. मी आणि आमच्या चेअरमन गयाकाकू, दोघी केजच्या रस्त्याकडं बघत उभ्या.

"येईल गं," काकू म्हणाल्या. "सायबाशी म्या सोता बोललेय फोनवर. लई चांगलं बोलले."

गाडी आली नाही. दूध नासायला लागलं.

हे काय प्रकरण ते सांगते. आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती. मी तिची सचिव. सचिव म्हटलं की लोकांना टेबल-खुर्ची दिसते. आमच्याकडं पत्र्याची एक खोली, एक काटा, कॅन आणि एक लॅक्टोमीटर. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची नळी. ती दुधात सोडली की तरंगते, आणि किती बुडाली त्यावरून दुधाची डिग्री कळते. दूध पातळ असलं की डिग्री कमी येते. बायका दूध घालायच्या, मी मोजायचे, आकडा लिहायचे. मग गाडी येऊन कॅन केजच्या चिलिंग सेंटरला न्यायची. तिथं दूध मशीनवर थंड करतात. ते सेंटर संघाचं. गावोगावच्या संस्था मिळून संघ झालेला. दर दहा दिवसांनी संघाकडून पैसे यायचे, त्याला आम्ही दुधाचा पगार म्हणायचो.

दुष्काळात दूध कमी झालं. तेव्हा संघानं नियम केला की ज्या गावात दोन कॅन भरत नाहीत, तिथं गाडी वळणार नाही. डिझेल परवडत नव्हतं, ते खरंच होतं. म्हणून संघाचे सुपरवायझर साहेब रोज सकाळी गावोगाव फोन लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "किती कॅन?" दोन किंवा जास्त म्हटलं की गाडी यायची.

तर त्या सकाळी साहेबांनी विचारलं, "किती कॅन?" मी शेजारीच काटा पुसत होते, म्हणून काकूंचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं.

"राम राम साहेब. बरं हाय का? मालकीनबाई बऱ्या हायत का? आमचं बरं हाय तुमच्या किरपेनं. आता काल काय झालं साहेब, ती शेवंताची काळी गाय हाय का, तिनं काल सांजंला पान्हाच सोडला न्हाई. मग शेवंता म्हनली, पेंड टाकून बघू. तर पेंड कुठली घरात? मग तिची जाऊ म्हनली..."

साहेबांना तशा सगळ्या गावांना फोन करायचे होते. ते "बरं बरं, चांगलं" म्हणाले आणि फोन ठेवला. आकडा काही त्यांच्या कानावर पडला नाही. त्यांनी आमच्या नावापुढं काही लिहिलं नाही आणि गाडी परस्पर गेली.

काकूंची यात चूक होती असं मला वाटत नाही. आमच्याकडं असंच बोलतात. पाहुण्याला जेवता का विचारलं, तर तो लगेच हो म्हणत नाही. आधी "आत्ताच झालं" म्हणतो, मग "कशाला उगं तरास" म्हणतो, आणि मग पाय धुवायला पाणी मागतो. विचारल्या विचारल्या उत्तर देणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. उत्तर असतं, पण सगळ्यात शेवटी असतं. तिथपर्यंत थांबायला समोरच्याकडं वेळ पाहिजे, आणि साहेबांकडं तो नव्हता.

नासलेल्या दुधाचं बायकांनी पनीर केलं नाही, कारण ते कुणाला येत नव्हतं. ज्या एका कॅनमधलं दूध बरं होतं ते काकूंच्या चुलीवर आटवलं. साखर घरोघरून वाटी-वाटी आणली. त्या दुष्काळात आमच्या गावात एक दिवस बासुंदी झाली. लोकं म्हणाले, कुणाचं लग्न हाय का? दुपारी गाडीचा ड्रायव्हर इस्माईलभाई चौकशीला आला. त्यानंही दोन वाट्या खाल्ल्या.

"काकू, गाडी आणायला मी तयारच होतो ना," तो म्हणाला. "पण साहेब बोलला, या गावाचं काय समजलंच नाही. गाय का जाऊ, कोण दूध देत नाही तेच कळेना."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल माझ्या मांडीवर टाकला.

"उद्यापून तू बोल."

"मी? मला न्हाई येत बोलायला."

"म्हनून तर," काकू म्हणाल्या.

खरी गोष्ट अशी की मला माणसांची भीती वाटायची. सासरी येऊन इतकी वर्षं झाली होती, तरी गावातल्या निम्म्या लोकांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. मालक म्हणायचे, आमची कौसा ऊस तोडताना बोलते, तेबी उसाशी. आम्ही आधी ऊसतोडीला जायचो. दिवाळी झाली की संसार ट्रॅक्टरवर घालायचा आणि गुढीपाडव्यापर्यंत कारखान्याच्या फडात राहायचं. मुलगी सोबत यायची आणि तिची शाळा राहायची. दूध संस्था निघाली, मला चौथी पास म्हणून काम मिळालं, घरी एक गाय घेतली, तेव्हा कुठं कोयता भिंतीला लावला. संस्था बंद पडली तर तो पुन्हा काढावा लागणार होता. मुलगी तेव्हा सातवीत होती.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"किती कॅन?"

"दोन."

पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे?"

"कौसा."

"गयाबाई कुठं आहेत?"

"हितंच."

"मग त्या बोलत नाहीत का?"

"बोलतेत," मी म्हणाले.

तिकडं साहेब हसायला लागले. गाडी मात्र साडेआठच्या ठोक्याला आली.

त्यानंतर फोन माझ्याकडंच राहिला. मी काही ठरवून सरळ उत्तर देत नव्हते. मला लवकर सुटायचं असायचं, एवढंच. पण गावात माझी चर्चा झाली. शेवंता दूध घालायला आली की विचारायची, "डिग्री किती आली?" मी म्हणायचे, "चोवीस." ती थांबायची. पुढं काहीतरी गोड येईल अशी वाट बघायची. ते यायचं नाही.

"चोवीस म्हंजी पाणी घातलंय म्हनतीस का?"

"मी चोवीस म्हनले. पाणी का उपास, ते तुला आन तुझ्या गाईला ठावं."

"काय बाई तोंड हाय! तराजू बरा, त्यो हलतो तरी."

काकूंनी मला बाजूला घेऊन समजावलं. "अगं, आकडा सांग, पन मागं एक राम राम तरी लाव. पुढच्याला वाटतंय आपून कर्ज मागायला आलाव." तेव्हापासून मी आकडा सांगून राम राम म्हणायला लागले. साहेबही तिकडून राम राम म्हणायचे. आमचं रोजचं बोलणं चार शब्दांत व्हायचं.

पुढं दुष्काळ वाढला. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. माणसांना पाणी पुरत नव्हतं, तिथं जनावरांचं कोण बघतो? कडबा संपत आला. शेजारच्या गावातही आमच्यासारखीच संस्था होती. त्यांनी संघाकडं उधारीवर चारा मागितला होता. संघातलं कुणीतरी त्यांना "बघू, वर कळवतो" म्हणालं. त्या बायका बिचाऱ्या त्या 'बघू'वर बसून राहिल्या. आज येईल, उद्या येईल. शेवटी एकेकीनं गाय बाजारात नेली. दोन कॅन भरेनात, गाडी बंद, संस्थेला कुलूप. त्यातल्या दोघी त्या वर्षी कोयत्याला लागल्या.

आमची पाळी जवळ आली होती. काकूंनी साहेबांना निरोप धाडला, एकदा येऊन जावा. सगळ्या बायकांना दम दिला, "साहेब येयलेत. चारा संपला म्हनून साफ सांगायचं. लाजायचं न्हाई."

साहेब मोटारसायकलवर आले. पत्र्याच्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या. इस्माईलभाई दारात गाडीला टेकून उभा. साहेबांना खुर्ची दिली, शेळीच्या दुधाचा चहा दिला, कारण गाईचं सगळं संस्थेत घातलेलं. साहेबांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "मग, कसं काय? ठीक चाललंय ना सगळं?"

सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "हां साहेब, बरं हाय."

मी काकूंकडं बघितलं. काकूही मान डोलावत होत्या.

"जनावरं?"

"चाललंय की."

"अडचण वगैरे?"

"तुमी आल्यावर काय अडचन हाय साहेब?"

आता यांना काय म्हणावं! घरात मूठभर कडबा नाही, त्यासाठीच माणूस बोलावलेला. पण चहा पिणाऱ्या पाहुण्यापुढं घरातलं उघडं करायचं नाही, हे आम्हाला आईच्या पोटातून शिकवलेलं. त्याला आधी दोन वेळा बरं सांगायचं, आणि त्यानं तिसऱ्यांदा खोदून विचारलं की मग हळूच सांगायचं. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांना अजून दोन गावं करायची होती. काकूंनी सुरुवात केली, "आता तसं बघितलं तर साहेब, ज्या साली माझं लगीन झालं त्या साली असाच..." साहेबांनी घड्याळ बघितलं.

"काही लागलं तर कळवा," ते म्हणाले आणि उठले.

बायका उठल्या. सगळ्यांचे चेहरे पडलेले, पण तोंडानं "या साहेब, पुन्हा या" चालू. मी दारात कॅनची झाकणं धुवत बसले होते, राखेनं, कारण पाणी वाचवायचं होतं. साहेब माझ्याजवळून जाताना सहज म्हणाले, "काय कौसाबाई, ठीक ना?"

फोनवरची सवय. प्रश्न आला की उत्तर बाहेर.

"न्हाई."

साहेब थांबले.

"काय नाही?"

"चारा."

"कुणाकडं?"

"कुनाकडंच."

"किती दिवस निघतील?"

"पुढचा पगार होईस्तोर. मग गाई बाजारात."

साहेब मागं वळून काकूंना म्हणाले, "अहो, आत्ता तर बरं आहे म्हणालात!"

"आता तुमी इतक्या लांबून आलाव," काकू म्हणाल्या, "आल्या आल्या रडगाणं कावून लावायचं?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघू. वर कळवतो."

हे ऐकून बायकांना बरं वाटलं. दोघींनी तर हात जोडले. मला मात्र शेजारच्या गावचं कुलूप दिसलं. आणि भिंतीवरचा कोयता दिसला. मी झाकण खाली ठेवलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"बघू म्हंजी हो का न्हाई?"

इस्माईलभाई फुटला. तोंडावर हात ठेवून गाडीच्या पलीकडं गेला, तरी त्याचं हसू ऐकू येत होतं. काकूंनी मागून माझ्या दंडाला चिमटा काढला, तो दोन दिवस निळा होता. साहेब चिडतील असं वाटलं. साहेबांनी मोटारसायकलची किल्ली काढली, खिशात टाकली आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

"नाही," ते म्हणाले. "चारा उधारीवर मिळणार नाही. संघाकडं चाराच नाही. मी वर कळवलं तरी वरूनही नाहीच येईल. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून बघू म्हणतो."

म्हणजे साहेबही आमच्यातलेच निघाले.

मी विचारलं, "मग काय मिळंल?"

"उचल मिळू शकते. तुमच्या दुधाच्या पगारावर. संस्थेच्या नावानं. चारा तुमचा तुम्ही आणायचा." उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे, जे पुढच्या कमाईतून कापून जातात. आमच्या भागात हा शब्द लहान पोरालाही कळतो, ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात आणि मग फिटता फिटत नाही तीच. म्हणून सगळ्या बायका जरा मागं सरकल्या.

"पण वर पहिला प्रश्न हाच विचारतील," साहेब म्हणाले, "की दिवाळीपर्यंत फेडाल का?"

"हो साहेब!" "फेडू की!" "का न्हाई फेडनार?" सगळ्या भिंतीकडून एकदम आवाज.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगा."

इथं मात्र मी अडकले. हो म्हटलं की काम होत होतं. पण मी रोज आकडे लिहीत होते. कुणाची गाय कधी इणार, कधी दुधावर येणार, ते मला पाठ होतं. पाऊस वेळेवर पडला तरी दिवाळीपर्यंत उचल फिटेल इतकं दूध होणार नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले.

शेवंता मोठ्यानं म्हणाली, "मेली! हातातलं घालवलं हिनं."

"मग कधी?" साहेबांनी विचारलं.

"दिवाळीला सुरवात. संक्रांतीला अर्धी. पाडव्याला पुरी."

"पाऊस नाही पडला तर?"

"मंग न्हाई."

साहेब म्हणाले, "मी बघ... मी उद्या सांगतो. हो का नाही, एका शब्दात."

ते गेल्यावर बायका माझ्याकडं पाठ करून निघाल्या. काकू तेवढ्या म्हणाल्या, "कौसे, फोनवर नीट हाय तुजं. समोर माणूस असला की तुला झाकून ठिवायला पायजे." घरी मालकांना सांगितलं. उठून त्यांनी कोयत्यावरची जळमटं पुसली. मला ते बघवलं नाही.

सकाळी सगळ्या बायका दूध घालून झाल्या तरी घरी गेल्या नाहीत. फोन वाजला.

"किती कॅन?"

"दोन. राम राम."

"मंजूर. राम राम."

फोन बंद. मी तो हातात धरून बसले.

"काय म्हनले?" काकूंनी विचारलं.

"हो म्हनले."

"अजून?"

"राम राम म्हनले."

"येवढ्या मोठ्या कामाचं येवढंच?" काकूंना ते पटेचना. हो आलं यापेक्षा ते एका शब्दात आलं, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. शेवंतानं मात्र मला मिठी मारली आणि तिच्या घागरीतलं उरलेलं दूध माझ्या पातळावर सांडलं. "असू दे," ती म्हणाली, "चोवीसच डिग्रीचं हाय."

नंतर साहेबांनी सांगितलं की वरच्यांनीही तेच विचारलं होतं, फेडतील का? साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत नाही फेडणार, पाडव्यापर्यंत फेडतील, पाऊस पडला तर. वरचे म्हणाले, इतक्या गावांनी होईल होईल म्हटलं, हे पहिलं गाव आहे ज्यानं हिशोब करून नाही म्हटलं. यांना द्या.

चारा आणायला इस्माईलभाई, काकू आणि मी तलवाड्याकडं गेलो. तिकडं त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला अजून पाणी होतं, जनावरांसाठी पेरलेलं हिरवं कडवळ उभं होतं. त्या भाऊंना भाव विचारला तर म्हणाले, "घ्या की ताई, तुमचंच हाय. भाव काय, द्या तुमच्या मनानं." काकूंना हे लई आवडलं. त्या भाऊंच्या घरच्यांची चौकशी करायला लागल्या.

मी म्हणाले, "भाऊ, तुमच्या मनातला आकडा सांगा. आमच्या मनानं दिला तर तुमी वर्षभर नावं ठेवताल."

भाऊ जरा दचकले. मग आकडा सांगितला. जास्त होता. मी "न्हाई" म्हणाले. त्यांनी कमी केला. इस्माईलभाई म्हणाला, "एवढ्या वेळात तर आमच्याकडं चहाचं आधणपण येत नाही."

गाई तगल्या. दोन कॅन कधी काठोकाठ, कधी एक बोट कमी, पण सुटले नाहीत. पाऊस उशिरा आला, पण आला. एकेक गाय इली. दर दहा दिवसांच्या पगारातून उचल कापून जायची आणि बायका कुरकुर करत पण अंगठा द्यायच्या. आमचा कोयता भिंतीवरच राहिला.

या सगळ्यातून मी काय शिकले ते एका ओळीत लिहिते, कारण जास्त लिहायला येत नाही. किती विचारलं तर आकडा सांगावा, देता का विचारलं तर हो किंवा नाही सांगावं, आणि राम राम मागून म्हणावा. तो कुठं पळून जात नाही.

पाडव्याच्या आधीच्या पगाराला शेवटची कपात झाली. दुसऱ्या सकाळी मी काट्यावर अडकले होते, दूध भरपूर होतं, रांग लागली होती. फोन वाजला तो काकूंनी उचलला. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा बासुंदी. काकूंनी फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि मान हलवत ऐकलं. साहेबांचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"किती कॅन?"

"पाच."

"आणि उचल फिटली का सगळी?"

काकूंच्या गळ्यापर्यंत काय काय आलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवंताची काळी गाय होती, पाऊस होता, त्यांच्या लग्नाचं सालही होतं. त्यांनी ते सगळं गिळलं.

"फिटली. राम राम."

"वा! कोण, कौसाबाई ना?"

"न्हाई साहेब," काकू म्हणाल्या, "गया."

आणि फोन ठेवला. पुरी फिटली होती.